काळ्या मातीतील ओलाव्याच्या सेन्सरवर प्रकल्प करतो आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून संदर्भ कसे काढावेत?

प्रश्न: अंतिम वर्षाचा विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. आमच्या गटाने अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी संत्र्याच्या बागेतील जमिनीचा ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर हा विषय घेतला आहे. गटातील एका मित्राची काटोलजवळ बाग असल्यामुळे चाचणीच्या जागेची अडचण नाही. सीताबर्डीतून आणलेला तयार सेन्सर कॉलेजच्या कुंडीतील मुरमाड मातीत व्यवस्थित चालतो. ओल वाढली की आउटपुटचे व्होल्टेज उतरते आणि माती वाळत गेली की ते चढते. तोच सेन्सर बागेतील भारी काळ्या जमिनीत रोवल्यावर मात्र आकडे पटेनासे होतात. माती हाताला ओलसर लागत असताना व्होल्टेज कोरड्या मातीइतके येते, आणि मधल्या काळात पाणी दिलेले नसतानाही सकाळच्या व दुपारच्या आकड्यांत फरक पडतो.

गाईड मॅडमनी लिटरेचर सर्व्हे नीट करायला सांगितला असून ब्लॉग आणि व्हिडिओ संदर्भ म्हणून चालणार नाहीत, हेही बजावले आहे. खरे सांगायचे तर आजवर ग्रंथालयाशी आमचा संबंध बुक बँकेतून मिळणारी पुस्तके आणि परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्षात धरून ठेवलेली खुर्ची एवढाच होता. ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, ‘सॉईल मॉइश्चर सेन्सर’ असे टाकून पाहिले, तर एकही नोंद आली नाही. आयईईई एक्सप्लोर या अभियांत्रिकी निबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर उलट इतके निबंध दिसतात की कोठून सुरुवात करावी ते कळत नाही. त्यातले बरेचसे एकाच साच्यातले आहेत, म्हणजे एक सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि मोबाइलवर जाणारा संदेश. चाचणी कोणत्या मातीत घेतली, याचा त्यांत बहुधा उल्लेखही नसतो. शिवाय पूर्ण निबंध उघडायला गेले की पैसे मागितले जातात.

अशा विषयासाठी ग्रंथालयात नेमके काय आणि कोणत्या क्रमाने शोधावे, आणि जे आमच्या ग्रंथालयात नाही ते नागपुरात कोठे मिळू शकेल, याचे मार्गदर्शन व्हावे ही विनंती.


उत्तर १: ग्रंथपाल, अभियांत्रिकी महाविद्यालय

तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण देवघेव काउंटरवर आम्हाला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बहुतेक विद्यार्थी पुस्तकाचे नाव असलेली चिठ्ठी पुढे करतात आणि पुस्तक नसेल तर परत फिरतात.

आधी ओपॅकविषयी. ओपॅक पुस्तकाच्या आत शोधत नाही. पुस्तकाचे शीर्षक, लेखक आणि नोंद करताना आम्ही दिलेले विषयशब्द एवढ्यातच ते पाहते, म्हणून तुमच्या प्रकल्पाचे नाव त्यात टाकून काही हाती लागणार नाही. विषय एक-दोन पायऱ्या वर न्यावा लागतो: ट्रान्सड्यूसर, इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रॉनिक मेजरमेंट. एखादे बरे पुस्तक सापडले की त्याचा वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) टिपून थेट रॅकपाशी जावे आणि आजूबाजूची पुस्तके चाळावीत. ड्युई दशांश पद्धतीत इलेक्ट्रॉनिक्स ६२१.३८१ खाली येते, विद्युत मापन ६२१.३७ खाली आणि मापनाची उपकरणे ६८१.२ खाली. म्हणजे तुमच्याच शाखेचा विषय तीन वेगवेगळ्या रॅकवर विखुरलेला असतो, आणि बहुतेक विद्यार्थी त्यातला पहिलाच रॅक पाहून घरी जातात.

मात्र तुमचे वर्णन वाचून मला असे वाटते की तुमचे अर्धे उत्तर इलेक्ट्रॉनिक्सच्या रॅकवर नाहीच. सेन्सर कुंडीत चालतो आणि बागेत चालत नाही, याचा अर्थ दोन ठिकाणी बदलली आहे ती माती. मृदाशास्त्र ६३१.४ खाली येते. अभियांत्रिकी महाविद्यालयात हा वर्ग जवळपास रिकामा असतो. पण सिव्हिल विभागासाठी घेतलेली मृदा-यामिकीची पुस्तके ६२४.१५१३ च्या आसपास नक्की मिळतील. पाया बांधणाऱ्या अभियंत्याला काळी कापसाची जमीन फुगते आणि आकसते याची काळजी असते, त्यामुळे त्या पुस्तकांत या मातीवर सहसा स्वतंत्र प्रकरण असते. तेथून सुरुवात करा.

पुस्तकाचा उपयोग मजकुरापुरता धरू नये. प्रकरणाच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी हा त्याचा सर्वांत कामाचा भाग आहे. दोन-तीन पुस्तकांच्या याद्या शेजारी ठेवल्या की एखादा जुना निबंध सगळीकडे दिसू लागतो. तुमच्या विषयात तो निबंध टॉप, डेव्हिस आणि ॲनन यांचा, १९८० साली ‘वॉटर रिसोर्सेस रिसर्च’मध्ये आलेला आहे. मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात ऊर्जा साठवण्याची तिची सापेक्ष क्षमता) आणि तिच्यातील पाण्याचे प्रमाण यांना जोडणारे समीकरण त्यात मांडलेले आहे. तो सापडला की पुढचा प्रवास उलट दिशेने करायचा. गूगल स्कॉलरवर त्या नोंदीखाली ‘साइटेड बाय’ अशी कडी असते. ती उघडून केवळ या निबंधाचा आधार घेणाऱ्या लेखांमध्ये शोध घेण्याची सोय आहे. तेथे ‘व्हर्टिसॉल’ हा शब्द टाका, कारण जगभरातील संशोधक तुमच्या काळ्या जमिनीला याच वर्गात बसवतात आणि आपल्याकडचे प्रचलित नाव टाकल्यास बाहेरच्या देशांतले काम निसटते. ‘सॉईल मॉइश्चर’ सोबत ‘सॉईल वॉटर कंटेंट’ हेही शोधून पाहावे.

आयईईई एक्सप्लोरवरील गर्दीचे म्हणाल, तर तेथे नियतकालिके आणि परिषदा वेगळ्या करण्याची गाळणी दिलेली आहे. केवळ नियतकालिके ठेवा. ‘सेन्सर्स जर्नल’ आणि ‘ट्रान्झॅक्शन्स ऑन इन्स्ट्रुमेंटेशन अँड मेजरमेंट’ ही दोन तुमच्या कामाची. परिषदेतले निबंध सगळेच टाकाऊ असतात असे नाही, परंतु माती कोणती ते न सांगणारा निबंध तुमच्या प्रकल्पाला काय देणार, हे तुम्हीच ओळखले आहे. शोध घेणे आणि सारांश वाचणे सर्वांना विनामूल्य आहे. पैसे पूर्ण निबंधाला लागतात.

पूर्ण निबंध मिळवण्याचे मार्ग असे. तुमच्या महाविद्यालयाची वर्गणी असेल, तर ती सहसा कॅम्पसच्या नेटवर्कवरच चालते, म्हणून वसतिगृहाबाहेरच्या खोलीवरून प्रयत्न करून ‘उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष काढू नका. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे आणि तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य सरकारच्या संस्थांपुरती आहे, त्यामुळे खासगी महाविद्यालयातून तिचा थेट लाभ मिळणार नाही. नागपुरातील व्हीएनआयटी ही केंद्रीय अभियांत्रिकी संस्था असल्याने तिच्या ग्रंथालयाचा विचार करता येईल. त्यासाठी तुमच्या ग्रंथपालांचे पत्र घ्यावे लागेल, आणि प्रवेश देणे न देणे अर्थातच त्या संस्थेच्या हाती आहे. तुमचे महाविद्यालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासद असेल, तर ग्रंथपालांमार्फत दुसऱ्या ग्रंथालयातील पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते. ही सोय वर्षानुवर्षे वर्गणी भरूनही फारशी वापरली जात नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

वाचताना एक पद्धत ठेवा. सुरुवातीला कोणताही निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला बसू नका. सारांश, आकृत्या आणि निष्कर्ष पाहून एका वहीत चार गोष्टी टिपा: माती कोणती, सेन्सरची वारंवारता किती, ओलाव्याची मर्यादा कोठून कोठपर्यंत, आणि सेन्सरचा आकडा कशाशी ताडून पाहिला. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर तो निबंध बाजूला ठेवायला हरकत नाही.


उत्तर २: माजी विद्यार्थी, सध्या एम्बेडेड क्षेत्रात

ग्रंथपाल सरांनी सविस्तर लिहिलेच आहे. मी केवळ एक पूर्वतपासणी सुचवतो. मातीला दोष देण्याआधी बोर्डवरील आयसीवरचा छाप भिंगातून वाचा. या स्वस्त सेन्सरमध्ये ५५५ टाइमर (ठरावीक वेगाने स्पंद देणारा आयसी) असतो आणि अनेक बोर्डांवर त्याला ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर जोडलेला असतो. टीएलसी ५५५ हा सीमॉस प्रकार २ व्होल्टपासून चालतो; एनई ५५५ या बायपोलर प्रकाराला मात्र किमान ४.५ व्होल्ट लागतात. बाजारात दोन्ही प्रकारचे बोर्ड एकसारखेच दिसतात. चुकीचा आयसी असेल तर आकडे कोणत्याही मातीत भरवशाचे नसतील.

हे तुम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. ते उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये आहे, आणि डेटाशीट हा पूर्णपणे ग्राह्य संदर्भ आहे. उत्पादकाचे नाव, दस्तऐवज क्रमांक आणि सुधारित आवृत्तीची तारीख लिहून तो अहवालात द्यावा. दुकानदाराच्या पानावरून उतरवलेली डेटाशीट नको, उत्पादकाच्या संकेतस्थळावरचीच घ्यावी. बोर्डच्या कापलेल्या कडाही पाहा. त्या उघड्या असतील तर पाणी आत झिरपते आणि आकडा हळूहळू सरकत जातो. वॉर्निश किंवा इपॉक्सीचा हात द्या.


प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आयसी टीएलसी ५५५ च निघाला आणि कडांना आता इपॉक्सी लावले आहे. सिव्हिलच्या रॅकवर मृदा-यामिकीचे पुस्तक मिळाले. त्यात काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे ती पाणी धरून फुगते आणि वाळताना भेगाळते, एवढे समजले. पण त्या पुस्तकाचा सारा भर पायाच्या मजबुतीवर असल्यामुळे याचा विद्युत मापनाशी काय संबंध, ते त्यातून कळत नाही. ६३१.४ खाली आमच्या ग्रंथालयात खरोखरच काही नाही. ती पुस्तके नागपुरात कोठे पाहता येतील?


उत्तर ३: मृदाशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी

या बाबतीत नागपूरइतके सोयीचे शहर तुम्हाला शोधूनही मिळणार नाही. महाराजबागेला लागून असलेले कृषी महाविद्यालय डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे आहे. अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे मुख्यालय आहे, म्हणजे देशातील मातीच्या नकाशांचे घरच. त्याच मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, आणि काटोलला तर विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, जे तुमच्या मित्राच्या बागेपासून जवळच असावे. विद्यार्थी म्हणून कोठेही जाताना विभागप्रमुखांचे पत्र आणि नेमका प्रश्न सोबत न्यावा. ‘माहिती हवी आहे’ असे सांगितले तर माहितीपत्रक मिळते; ‘काटोल भागातील मातीत चिकणमातीचे प्रमाण किती’ असे विचारले तर अहवालाचे पान उघडून मिळते.

घरबसल्या करायचे असेल तर ‘कृषिकोश’ पाहा. कृषी विद्यापीठांतील प्रबंध त्यावर ठेवलेले असतात. तुम्ही लोक ‘शोधगंगा’ हा पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह पाहता, पण आमच्याकडचे एम.एस्सी.चे बरेच काम कृषिकोशावर असते आणि विदर्भातल्या जमिनीची प्रत्यक्ष मोजमापे त्यातच सापडतात.

आता तुमच्या आकड्यांविषयी थोडेसे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, मातीतील खनिजांचा साधारण ३ ते ५ आणि हवेचा १. सगळा सेन्सर या तफावतीवर चालतो. काळी माती वाळताना आकसते आणि सेन्सरच्या जमिनीत रोवलेल्या पट्टीपासून सुटते. मधे हवेची बारीक फट राहिली तरी सेन्सर माती न मोजता ती हवा मोजू लागतो, कारण त्याची संवेदनशीलता पट्टीला चिकटलेल्या थरातच सर्वांत जास्त असते. माती हाताला ओलसर आणि आकडा कोरडा, या तुमच्या तक्रारीचे मला हेच कारण दिसते. पट्टी काढताना भोवतीची माती हलक्या हाताने उकरून पाहा, फट डोळ्यांना दिसेल.

संत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक अडचणीची आहे, आणि तुमच्या अहवालात ती यायला हवी असे मला वाटते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये बागेचे पाणी तोडून झाडाला ताण देतात. शेतकऱ्याला खरी गरज असते ती ताण पुरेसा बसला की नाही आणि पाणी केव्हा सोडावे हे कळण्याची. म्हणजे ज्या काळात जमीन भेगाळते, नेमक्या त्याच काळात तुमच्या सेन्सरचा आकडा विश्वासार्ह असला पाहिजे. ओल्या जमिनीतला अचूक आकडा त्याला फारसा उपयोगाचा नाही.

ताडून पाहण्यासाठी ओव्हनची जुनी पद्धत वापरा. नमुना तोलून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवायचा, पुन्हा तोलायचा आणि वजनातील घट कोरड्या वजनाने भागायची. तुमच्या सिव्हिल विभागाच्या प्रयोगशाळेत हा ओव्हन असतोच. मात्र हा आकडा वजनाच्या प्रमाणातला आहे. सेन्सर आकारमानाच्या प्रमाणात मोजतो. एकातून दुसऱ्यात जाण्यासाठी मातीची स्थूल घनता (पोकळ्या धरून एकक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन) लागते, आणि फुगणाऱ्या मातीत ती घनतासुद्धा ओलाव्यानुसार बदलते. एकच घनता सगळीकडे धरू नका.


उत्तर ४: प्राध्यापिका, इलेक्ट्रॉनिक्स

ग्रंथपाल सरांनी सुचवलेला १९८० चा निबंध वाचायलाच हवा, पण त्यातले समीकरण उचलून कोडमध्ये टाकू नका. दरवर्षी कोणता तरी गट हे करतो. त्या निबंधाच्या सारांशात १ मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ असा पट्टा दिलेला आहे आणि रेताड पोयट्यापासून चिकणमातीपर्यंतच्या चार खनिज माती तपासल्या आहेत. तुमचा ५५५ साधारण १.५ मेगाहर्ट्झवर चालतो, तेव्हा तो पट्ट्यात बसतो असे तुम्हाला वाटेल. परंतु त्यांचे मापन टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीने, म्हणजे मातीत विद्युत स्पंद सोडून तो परत यायला लागणाऱ्या वेळावरून, केलेले होते, आणि त्या तंत्रातील स्पंदाची बरीचशी ऊर्जा पट्ट्याच्या वरच्या भागात असते. काही मेगाहर्ट्झच्या खालच्या टोकाला चिकणमातीची विद्युत वाहकता आणि कणांच्या पृष्ठभागावरील ध्रुवीकरण आकड्यात मिसळतात. वाहकता तापमानाबरोबर वाढते. सकाळ-दुपारच्या फरकाचे एक कारण तेथे असू शकते, आणि दुसरे उन्हात तापणाऱ्या बोर्डमध्ये. हे दोन वेगळे करायचे असतील तर पट्टी त्याच मातीत ठेवून केवळ बोर्डवर सावली धरा आणि फरक किती उरतो ते नोंदवा.

म्हणून ग्रंथपाल सरांनी सांगितलेल्या वहीत वारंवारतेचा रकाना सर्वांत महत्त्वाचा समजा. ‘साइटेड बाय’मधून पुढे जाताना कमी वारंवारतेच्या सेन्सरवरील आणि चिकणमातीवरील निबंध वेगळे काढा. तुमच्या कामाशी तुलना होईल ती त्यांच्याशीच.

पेटंटकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. मातीतील ओलावा मोजणाऱ्या उपकरणांवर पेटंटे आहेत, आणि पट्टीचा आकार, आवरण, जमिनीशी संपर्क राखण्याच्या युक्त्या यांचे तपशील निबंधांपेक्षा त्यांत अधिक उघडपणे लिहिलेले असतात, कारण कायद्यानेच ते लिहावे लागतात. भारतीय पेटंट कार्यालयाचा शोध विनामूल्य आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंटची मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे असते, त्यामुळे मुदत संपलेल्या पेटंटमधील रचना वापरायला अडचण नाही. या विषयाचे प्रशिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था नागपुरातच आहे. तुमच्या विभागाने पत्र पाठवले तर एखादे सत्र ठरू शकेल.

संदर्भसूचीविषयी एकच सांगते. जो निबंध तुम्ही उघडलेला नाही तो सूचीत घालू नका. दुसऱ्याच्या निबंधातून त्याचा उल्लेख घेतला असेल तर ज्यातून घेतला त्याचाच क्रमांक द्या. व्हायवात बाहेरचे परीक्षक सूचीतील कोणत्याही ओळीवर बोट ठेवून ‘यात माती कोणती होती?’ असे विचारू शकतात.


प्रश्नकर्ता

मॅडम, बोर्डवर सावली धरून पाहिली. फरक कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे उरलेला फरक मातीतून येत असावा असे धरून आम्ही आता मातीचे तापमानही नोंदवणार आहोत. फट टाळण्यासाठी पट्टी रोवताना त्याच मातीचा पातळ चिखल भोवती ओतावा, असे एका प्रबंधात वाचले. तो चिखलही पुढे आकसणारच, तेव्हा याचा ताणाच्या काळात कितपत उपयोग होईल?


उत्तर ३ देणारी विद्यार्थिनी

रोवताना लागणारा संपर्क त्याने सुधारतो, पुढची भेग त्याने थांबत नाही. दोन पट्ट्या शेजारी ठेवा, एक चिखलासह आणि एक तशीच, आणि ताणाच्या संपूर्ण काळात दोन्हींच्या जवळून ओव्हनसाठी नमुने घ्या. नमुन्याची भोके पट्टीच्या फार जवळ पाडू नका, नाहीतर तीच नवी फट होईल.